सांबाराच्या दोन रेघा

आमच्या घरात आजवर कोणी नापास झालं नव्हतं. आमचा मुलगा अंकुश बारावीला गणितात राहिला होता, पण त्या वर्षी पेपर तपासणाऱ्याचीच तब्येत बरी नव्हती असं आम्ही घरात एकमताने ठरवलं होतं, त्यामुळे ते धरायचं कारण नाही. नापास होण्याचा पहिला मान गेल्या हिवाळ्यात माझ्या सांबाराने मिळवला.

बाहेरगावच्या लोकांसाठी सांगते, कोथिंबिरीला आमच्या भंडाऱ्याकडे सांबार म्हणतात. जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आम्ही नवे नवे राहायला गेलो तेव्हा शेजारच्या तमिळ बाईंना मी मोठ्या प्रेमाने सांगितलं होतं, "संध्याकाळी सांबार पाठवते." त्या बिचाऱ्या इडल्या करून वाट बघत बसल्या आणि मी हिरवी जुडी घेऊन दारात उभी. पण त्या जुडीची त्यांनी जी चटणी केली, तिची चव अजून माझ्या जिभेवर आहे. फॅक्टरीचा भोंगा झाला की सगळ्या क्वार्टरांच्या मागच्या दारी बायका निघायच्या आणि कुंपणावरून भाज्यांची देवाणघेवाण चालायची. कच्चा मुळा, कच्ची मेथी, कांद्याची पात, सगळं पदराला पुसून तोंडात. जंतू तेव्हाही असतील. पण त्यांची आमची ओळख कोणी करून दिली नव्हती.

ती ओळख करून दिली माझ्या सुनेने.

मोनिका नागपूरची. जंतुशास्त्र शिकलेली आणि तिथल्याच एका प्रयोगशाळेत नोकरीला. भाजीवर पोट बिघडवणारे जंतू आहेत की नाहीत, हे एका दिवसाच्या आत सांगणारी पट्टी तिची प्रयोगशाळा बनवते. गेल्या हिवाळ्यात तिला सातवा महिना लागला होता आणि डॉक्टरांनी फार उभं राहू नको म्हणून बजावलं होतं, म्हणून ती रजा घेऊन आमच्याकडे भंडाऱ्याला आली होती. तिचं डोहाळेजेवण पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी ठरलं. मी पानात काय काय असेल ते सांगत सांगत चटणीपाशी आले.

"अन् आपल्या वाडीतल्या सांबाराची हिरवी चटणी. पाट्यावर वाटलेली."

"आई, तेवढी चटणी राहू द्या ना," मोनिका म्हणाली.

"काहून? तिखट कमी घालीन."

"तिखटाचं नाही. कच्चं आहे ना ते. मला कच्ची पालेभाजी नको म्हटलं आहे."

"बाजारातली नको म्हटलं असेल. ही सेंद्रिय आहे!"

"सेंद्रिय म्हणजे औषध मारलेलं नाही, एवढंच आई. जंतू थोडीच विचारतात, शेत सेंद्रिय आहे का म्हणून? उलट जिथे शेणखत, तिथे जास्तच असू शकतात."

ती अगदी गोड आवाजात बोलली. भांडून बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं. गोड बोलणाऱ्या सुनेपुढे सासू फार लाचार असते.

माझ्या मागच्या अंगणातल्या त्या वाडीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. हे, म्हणजे आमचे मोतीलालराव, फॅक्टरीतून रिटायर झाले आणि आम्ही भंडाऱ्याच्या घरी राहायला आलो, तेव्हापासून मी ती वाडी केली. सांबार, मेथी, पालक आणि मांडवावर दुधी. रासायनिक खताचा एक दाणा नाही. कोपऱ्यातल्या ड्रममध्ये शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवून जीवामृत आंबवायचं आणि आठवड्याला झारीने पानापानावर शिंपडायचं. पानं अशी तजेलदार व्हायची की बघणाऱ्याने हात जोडावेत. आणि माझी सून म्हणत होती, नको.

मला दुःख चटणीचं नव्हतं. डोहाळेजेवणात सासूने आपल्या हातचं पिकवलेलं वाढावं आणि सुनेने ते बाजूला सारावं, आणि तेही साऱ्या मोहल्ल्यातल्या बायकांसमोर, या कल्पनेने मला घास जाईना. तरी जेवले दोन वेळा. पण घास गेला नाही.

शेजारच्या बेबीबाईला मी हे फक्त तिच्यापुरतं सांगितलं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे सल्ले आले. बेबीबाई म्हणाली, "काकू, मिठाच्या पान्यात बुडवा, काय होत नाही." मागच्या घरच्या शकुनबाई म्हणाल्या, "उन्हात ठेवा जी, ऊन सगळं मारते." ऊन सांबारालाच मारतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. समोरचे इश्वरभाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा सरकारवर फार विश्वास, कारण पेन्शन वेळेवर येते. ते म्हणाले, "वहिनी, सुनेसंगं वाद कायले घालता? सरकारी दाखला आना. शिक्का पाहिला की शिकलेला मानूस गप बसते."

दुसऱ्या दिवशी मी सांबाराची एक भरगच्च जुडी ओल्या फडक्यात बांधून एका सरकारी कार्यालयात गेले. कोणतं ते सांगत नाही, कारण मी एकूण तीन कार्यालयांत गेले आणि तिन्ही ठिकाणी मला दुसऱ्या ठिकाणचा पत्ता मिळाला. शेवटी धर्मेंद्रबाबू म्हणून एक भला माणूस भेटला. त्याने जुडी हुंगली.

"मावशी, माती आनली काय? आमी माती तपासतो."

"माती चांगलीच आहे. भाजी तपासायची आहे."

"भाजी शेतात उभी असली तं शेतीवाल्यांकडे. शिजली तं अन्नवाल्यांकडे. तुमची तं तोडलेली हाय, पन शिजली नाही."

"मग?"

"मग कोनाचीच नाही," तो हळहळून म्हणाला. "नमुना ठेवून जा. साहेब आले की विचारतो. नागपूरले पाठवावं लागन, तिथून पुढे. रिपोर्ट याले वेळ लागते."

किती वेळ, हे त्याने सांगितलं नाही, पण बोटांवर जे महिने मोजले त्यावरून दाखला बाळाच्या बारशाला मिळेल असा माझा अंदाज झाला. तरी जुडी ठेवून आले. दोन दिवसांनी पुन्हा गेले, तर जुडी टेबलावर नव्हती.

"नमुना नागपूरला गेला?" मी आशेने विचारलं.

धर्मेंद्रबाबूने मान खाली घातली. "सुकून चालला होता मावशी. वाया जाईन म्हनून घरी नेला. पन काय चटनी झाली! बायको विचारून राहिली, अजून हाय काय म्हनून."

घरी येऊन मी मोनिकाला विजयाने सांगितलं की एका सरकारी माणसाने माझी चटणी कच्ची खाल्ली आणि तो आज ऑफिसात हजर आहे. सरकारी माणूस ऑफिसात हजर असणं यापेक्षा तब्येतीचा मोठा पुरावा काय असतो? ती हसली. "आई, एका माणसावरून ठरत नाही. थांबा, मी माझ्या लॅबमधून पट्ट्याच मागवते. आपणच करून बघू. एक रेघ आली तर चटणी मी वाटीभर खाईन. शब्द."

"आणि दोन आल्या तर?"

"तर जंतू आहेत."

रेघांचं मला थोडं विचित्रच वाटलं. पावसाळ्यात हीच मोनिका न्हाणीघरातून अशीच एक पट्टी घेऊन बाहेर आली होती, तिच्यावर दोन गुलाबी रेघा होत्या, आणि आम्ही मोहल्लाभर पेढे वाटले होते. आता त्याच दोन रेघा माझ्या अब्रूवर उठणार होत्या. शास्त्राचं असंच असतं. एक काहीतरी ठरवून ठेवत नाहीत.

अंकुशने नागपूरहून डबा आणला. पांढरा, थर्मोकोलचा. आत काचेच्या नळ्या, चकचकीत पाकिटांतल्या पट्ट्या आणि पिवळसर पाण्याची एक मोठी बाटली. मोनिकाने पलंगावरून समजावलं की ते पाणी म्हणजे जंतूंची पेज. नळीत पेज घ्यायची, पान चुरून टाकायचं, उबेत ठेवायचं. जंतू असले तर पेज पिऊन वाढतात, मग पट्टी बुडवली की रेघ उमटते. "पण पहिली नळी नुसत्या उकळलेल्या पाण्याची करा," ती म्हणाली. "ती आधी." एवढं सांगून तिला झोप लागली.

डबा देवघरासमोर ठेवून आम्ही दोघं बसलो. माझ्या सासरी पूर्वी हातमाग होते. सासूबाई नवा ताणा कुंकू लावल्याशिवाय मागावर चढू देत नसत. ह्यांचं तर उभं आयुष्य फॅक्टरीत गेलं, आणि विश्वकर्मापूजेला लेथला हार घालण्याचा मान ह्यांचा.

"नव्या मशीनले पूजेबिगर हात लावला तं मशीन दगा देते," हे म्हणाले. "तीस साल पाह्यलं हाय मी."

माझ्या मनात दुसरीच शंका. हा डबा आला कुठून? जिथे लोक दिवसभर जंतू पाळतात तिथून. कोणाकोणाचे हात लागले असतील! आणि घरात दोन जिवांची बाई. अशी वस्तू शुद्ध केल्याशिवाय घरात ठेवायची कशी? मी लगेच पंचगव्य केलं. दूध, दही, तूप घरचं. शेण आणि गोमूत्र जागेश्वर गवळ्याच्या गोठ्यातून ताजं. ह्यांनी डब्याला कुंकू लावलं, नळ्यांना लावलं, बाटलीला लावलं. ह्यांना बंद झाकण बघवत नाही, फॅक्टरीची सवय. आत काय आहे ते बघायला ह्यांनी बाटली उघडली. मी दूर्वांच्या जुडीने पंचगव्य शिंपडलं. चार थेंब डब्यावर पडले, एक बरोबर बाटलीत पडला. मी तो पडताना पाहिला आणि माझ्या मनाला फार समाधान वाटलं.

आणि ती पाण्याची नळी? इतक्या लांबून आणलेली नळी नुसत्या पाण्यावर वाया घालवायची, हे मला पटलं नाही. पाणी उकळलेलं आहे हे मला माहीत होतं, मीच उकळलं होतं. मी ती नळी मेथीला दिली.

नळ्या मी विरजणाच्या भांड्याशेजारी, तांदळाच्या डब्यात, ह्यांच्या जुन्या मफलरमध्ये गुंडाळून ठेवल्या. दही फार सुंदर लागलं. आणि पट्ट्यांवर रेघा आल्या. सांबाराला दोन. मेथीला दोन. पालकाला दोन. मोनिकाला मी पलंगावरून उठू देत नव्हते, रेघा तिला स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगितल्या.

माझ्या वाडीत जाऊन मी बराच वेळ उभी राहिले. सांबार नेहमीसारखा डुलत होता. त्याला अजून कळलं नव्हतं.

माणूस दुखावला की दुसऱ्यांचं बघायला लागतो. मी बेबीबाईच्या घरून तिच्या बाजारातल्या मेथीची चार पानं आणवली. दोन रेघा. शकुनबाईंच्या कुंडीतला पुदिना, दोन रेघा. अड्याळहून कोणाच्या तरी मामाने आणलेली वांगी, दोन रेघा. मला जरा बरं वाटायला लागलं. सगळा मोहल्ला नापास झाल्यावर नापास होण्यात लाज फारशी उरत नाही. मी पट्ट्या पुसून खिडकीत ओळीने वाळत ठेवल्या, पापड ठेवावेत तशा.

तीच चूक झाली. सकाळी गवळ्याकडे दूध आणायला निघालेली बेबीबाई खिडकीपाशी थबकली. पट्ट्या न्याहाळल्या. प्रत्येकीवर दोन गुलाबी रेघा.

"अव्वा माय!" ती छातीवर हात ठेवून म्हणाली. "काकू, जुळं हाय काय?"

मी तिला जंतूंचं सांगायला लागले, पण ती गेली होती. दुपारी मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲपवर दोन बाळांचं चित्र आणि खाली फुलं आली. संध्याकाळी नागपूरहून विहीणबाईंचा, मंजुषाबाईंचा फोन. आवाज भरलेला. "दुर्गाताई, जुळं आहे अन् मी आई असून मला भंडाऱ्याच्या लोकांकडून कळते? आमचं काय चुकलं ते तरी सांगा." मी सांगितलं की जुळं नाही, त्या भाजीच्या पट्ट्या आहेत. त्या म्हणाल्या, "नसेल सांगायचं तर राहू द्या. पण भाजीचं नाव नका घेऊ."

हे कमी होतं म्हणून इश्वरभाऊ. त्यांच्याकडे पाणी शुद्ध करायचं मोठं यंत्र आहे, निळा दिवा लागणारं. गावात पाण्याचा विषय निघाला की ते यंत्राचा विषय काढतात, आणि पाण्याचा विषय निघाला नाही तर आधी पाण्याचा काढतात. त्यांनी स्वतःहून पेलाभर पाणी आणून दिलं, "वहिनी, आदर्श नमुना म्हनून ठेवा." आदर्श नमुन्याला दोन रेघा आल्या.

ते ओटीवर येऊन उभे राहिले. त्यांच्या पाठीमागे आणखी चार माणसं. "हे यंत्र लबाड हाय," त्यांनी जाहीर केलं. "माझं पानी अन् नापास? काहून?"

"अहो, शास्त्र आहे ते," मी म्हटलं. माझ्या सांबाराला नापास करणाऱ्या शास्त्राची बाजू मी घेत होते. आपल्यासोबत इतर बुडत असले की माणूस नदीलाच आपली समजायला लागतो.

इश्वरभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आत शिरून आमच्या टीव्हीवरच्या टोपलीतून फुलकोबी उचलली. ती प्लास्टिकची. जवाहरनगरच्या एका बंगाली शेजारणीने बदली होऊन जाताना मला दिलेली. "हिची करा टेस्ट."

पैज म्हणून केली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पट्टी बाहेर काढली. प्लास्टिकच्या कोबीला दोन रेघा.

ओटीवरची सगळी मंडळी पट्टीवर वाकली. शकुनबाईंनी हळूच विचारलं, "म्हनजे प्लास्टिकमंदीही किडे?" इश्वरभाऊंनी हात झटकला आणि ते जिंकल्यासारखे घरी गेले.

तोवर मोनिका आतून उठून आली होती. पोटावर हात, डोळे बारीक. "आई, साध्या पाण्याची नळी कुठे आहे?"

मी म्हटलं, "ती मेथीला दिली."

"दिली?"

"पाणी मीच उकळलं होतं बाई. त्याची परीक्षा कायले?"

तिने बाटली उचलून उजेडात धरली. झाकणावर कुंकवाचा ठसठशीत टिळा. काचेवर वाळलेला एक पांढरट-हिरवट ओघळ. तिने त्याचा वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मग ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहत होते.

"बाबा, हे काय आहे?"

"पूजा केली," हे म्हणाले. "नवं मशीन. तुह्या आईनं शुद्ध केलं."

"कशाने?"

"पंचगव्यानं," मी ताठ मानेने म्हटलं. "ताजं होतं."

"बाटलीत पडलं?"

"एकच थेंब."

मोनिका खुर्चीवर बसली आणि हसायला लागली. आधी आवाज न करता, मग आवाज करत, मग डोळ्यांतून पाणी. जंतूंच्या पेजेत आम्ही खुद्द शेण कालवलं होतं आणि मग ती पेज घेऊन साऱ्या मोहल्ल्याची भाजी तपासत फिरत होतो. ती हसत राहिली आणि मी घाबरले, कारण सातव्या महिन्यात एवढं हसलेलं चालतं की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं. हे म्हणाले, "हसू नको, बाई, हसू नको." ती आणखी हसली. शेवटी ह्यांनी अंकुशला फोन लावला, अंकुशने डॉक्टरांना लावला आणि डॉक्टरांनी, आमचा निरोप पूर्ण ऐकल्यावर, फोन बाजूला ठेवून दिला. त्यांच्याकडूनही हसण्याचा आवाज येत होता असं अंकुश सांगतो.

अंकुशने शुक्रवारी दुसरा डबा आणला. या वेळी पूजा नाही, कुंकू नाही, देवघराकडे तोंडसुद्धा नाही. मोनिका स्वतः खुर्ची टाकून बसली आणि आम्ही दोघं हात धुऊन तिच्यासमोर शाळेतल्या मुलांसारखे उभे. नुसतं पाणी, एक रेघ. प्लास्टिकची कोबी, एक रेघ. इश्वरभाऊंचं पाणी, एक रेघ. ती पट्टी त्यांनी मागून नेली आणि पाकिटात घालून यंत्राच्या निळ्या दिव्याखाली चिकटवली. मांडवावरचा दुधी, एक रेघ. सांबाराची नळी शेवटी, शनिवारी लावली होती, तिची पट्टी रविवारी सकाळी निघायची होती.

रविवारी सकाळी घर भरलं. प्रत्येक बाईने मोनिकाच्या ओटीसाठी सगळं दोन-दोन आणलं होतं. दोन नारळ, दोन झबली, दोन टोपडी. मंजुषाबाई नागपूरहून दोन चांदीचे चमचे घेऊन आल्या होत्या आणि माझ्याशी मोजून बोलत होत्या. आतल्या खोलीत बायका मोनिकाला फुलांचे दागिने घालत होत्या. स्वयंपाकघरात फक्त आम्ही दोघं. पाट्यावर चटणी वाटून तयार होती, कारण पट्टीत एकच रेघ येणार याबद्दल मला शंका नव्हती. मी पट्टी बुडवली.

पहिली रेघ आली. मग, फार सावकाश, दुसरी. फिकी होती. पण होती.

हे माझ्या खांद्यावरून बघत होते. फॅक्टरीत हे तपासणी खात्यात होते. केसाएवढा फरक असलेला भाग ह्यांनी कधी पुढे जाऊ दिला नाही. एकदा मोठ्या साहेबांनी दटावलं तरी ऐकलं नव्हतं, त्या वर्षी ह्यांची बढती राहिली आणि मी आठवडाभर अबोला धरला होता.

"एकच रेघ हाय," हे म्हणाले.

"दोन आहेत."

"दुसरी फिक्की हाय. चष्म्याबिगर दिसतही नाही." ह्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "पाह्य. एकच."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत ह्यांनी पहिल्यांदा खराब माल पास केला होता, आणि तो माझा होता. बाहेर बेबीबाई डोहाळ्याचं गाणं म्हणत होती आणि पाट्यावरून सांबाराचा तो वास येत होता, क्वार्टरच्या कुंपणापाशी यायचा तोच. वाटीभर चटणी. मोनिका शब्दाची पक्की होती. एक रेघ म्हटलं असतं तर तिने खाल्ली असती.

मी पट्टी घेऊन बाहेर गेले.

"माझा सांबार नापास झाला," मी म्हटलं. सगळ्या बायकांसमोर, मंजुषाबाईंसमोर. "जीवामृत मी पानांवर शिंपडत होते. मुळाशी घालायचं ते. चटणी नाही."

गाणं थांबलं. मला वाटलं, आता कोणी तरी काही तरी बोलेल. बोलल्या फक्त शकुनबाई, तेही शेजारणीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं: "मीही पानावरच टाकतो व माय."

फुलांचा मुकुट सांभाळत मोनिका म्हणाली, "आई, सांबारवडी करा ना. आधी परतायचं, मग तळायचं. त्यात कोणता जंतू टिकतो? मला सकाळपासून तीच खावीशी वाटते आहे."

सकाळपासून खावीशी वाटत होती की नाही, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. वाडीतला सगळा सांबार कापला, धुतला, तेलावर खमंग परतला, खसखस-खोबरं घातलं, बेसनाच्या पारीत भरला आणि कढई चढवली. ह्यांनी झारा धरला. मोनिकाने पहिली वडी खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि मग ताट पुढे करून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, अजून वाढा." मंजुषाबाईंनीही मागून घेतली. जाताना त्या माझ्याशी न मोजता बोलल्या. जुळ्याचा विषय त्यांनी काढला नाही, पण चमचे दोन्ही ठेवून गेल्या.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मुलगी झाली. एकच. बेबीबाई दवाखान्यात बघायला आली, बाळाचा गालगुच्चा घेतला, मग पलंगाच्या पलीकडे वाकून पाहिलं आणि नर्सला विचारलं, "दुसरं कुठं ठेवलं?"

या हिवाळ्यात मी वाडीची रीत बदलली. जीवामृत मुळाशी, तेही पेरणीआधी. पानांना विहिरीचं स्वच्छ पाणी. सांबार पहिल्यासारखा तजेलदार दिसत नाही, जरा साधाच दिसतो, परीक्षेला बसणाऱ्या मुलासारखा. मोनिका नातीला घेऊन आली तेव्हा येताना डबा घेऊन आली. पहिली नळी उकळलेल्या पाण्याची केली. मीच केली. पट्टीवर एकच रेघ आली, आणि मोनिकाने चटणी वाटीभर खाल्ली, वर वाटी बोटाने पुसली.

पूजा आम्ही या वेळी परीक्षेनंतर केली. पट्टी देवासमोर ठेवून कुंकू लावलं, आणि हे पेढे घेऊन आले. मी पहिला पेढा बेबीबाईला द्यायला गेले, पट्टी दाखवायला सोबत नेली.

तिने पट्टी हातात घेतली, उजेडाकडे धरली, उलटी करून पाहिली. मग पेढा न घेता माझा हात आपल्या हातात घेतला.

"एकच रेघ?" ती हळू आवाजात म्हणाली. "जाऊ द्या काकू. मनाले लावून नका घेऊ. पुढच्या टायमाले होईन."

मी पेढा तिच्या तोंडात घातला आणि घरी आले.